धनी बदलला, धंदा तोच



वाल्या कोळ्याचे आख्यान मी जन्मभर लावले. कीर्तन आटोपले की कोणीतरी हमखास विचारी, “बुवा, माणूस खरेच पालटतो का?” परवा एका क्रांतिकारकाचे चरित्र वाचले आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

लेव झादोव हे त्याचे नाव. जन्म १८९३ चा, झारच्या साम्राज्यातील दोनबासच्या कोळसा-पोलादाच्या मुलखात, एका ज्यू कुटुंबात. कारखान्यात राबता राबता तो अराजकवादी झाला. माणसावर कोणाचेच राज्य नको, झार नको, पोलीस नको, तुरुंग नको, असे ते मत. १९१३ मध्ये त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली. १९१७ च्या क्रांतीने तो सुटला. पुढे युक्रेनच्या शेतकऱ्यांचा पुढारी नेस्तोर माख्नो याच्या फौजेत तो हेरखात्याचा अधिकारी झाला. फितूर हुडकणे हे त्याचे काम. १९२१ मध्ये बोल्शेविकांपुढे मोड झाली, तेव्हा तो रुमानियात निसटला. १९२४ मध्ये परतून शरण गेला. सरकारने त्याला आपल्याच गुप्त पोलिसांत घेतले. ओडेसात त्याने अनेक वर्षे चाकरी केली. १९३७ मध्ये त्याच खात्याने त्याला हेर म्हणून धरले आणि १९३८ मध्ये गोळी घातली.

“केले तसे भरले!” असे कोणी म्हणेल. थोडे थांबा. १९९० मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आले. ज्याने अनेकांवर संशय घेतला, त्याच्यावरचाही खोटा आळ खोटाच. कर्माचा सिद्धांत आपले मन झाडण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या मरणावर टाळी वाजवण्यासाठी नाही.

मग चुकले कोठे? नारदांनी वाल्याला दुसऱ्या राजाच्या पदरी धाडले नाही. त्याने वाटमारीच टाकली. झादोवने निशाण बदलले, धनी बदलला. संशयाचा धंदा तोच राहिला. उलट, ज्या राज्यसत्तेला तो नाकारीत होता, तिचाच तो पहारेकरी झाला. वाल्याच्या पापात घरचे वाटेकरी झाले नाहीत. मग पक्ष आणि सरकार कोठून होणार?

आपणही तपासावे. गळ्यात माळ आली, वारी घडू लागली. पण दिंडीत शेजारच्याची उणी काढण्याची सवय सुटली का? ती सुटली नसेल, तर आपणही केवळ धनीच बदलला. विठोबाला चाकर पुष्कळ आहेत. त्याला पालटलेला माणूस हवा.

रामकृष्णहरी.