हिरडा, रसायन आणि दीर्घायुष्याचा प्रश्न

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या उतारांवर हिरड्याची झाडे आहेत. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना त्यांचा मोठा आधार. फळ कोवळे असतानाच उतरवायचे आणि अंगणात, खडकावर उन्हात वाळत घालायचे. वाळून काळे, सुरकुतलेले, टणक झाले की तो बाळहिरडा; पूर्ण वाढलेले मोठे फळ म्हणजे सुरवारी हिरडा. घरोघरी बाळगुटीसाठी हिरडा सहाणेवर उगाळतात. मात्रा चमच्याने नव्हे, वेढ्यांनी मोजतात. बाळ किती महिन्यांचे, त्याचे पोट कसे आहे, हे पाहून आजी वेढे कमी-जास्त करते.

हीच आयुर्वेदातली हरीतकी, अभया. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिला अध्याय रसायनाचा, म्हणजे बळ आणि आयुष्य टिकवणाऱ्या उपचारांचा, आहे आणि त्याचा पहिला पाद अभया व आमलकी, म्हणजे हिरडा व आवळा, यांच्या नावाने ओळखला जातो. ज्वरापासून सुरू होणारी रोगांची चिकित्सा त्यानंतर येते. निरोगी माणसाचे बळ आणि आयुष्य टिकवणे हे वैद्यकाचे पहिले काम, असा हा क्रम सांगतो. हिरड्यात खारट सोडून बाकी पाचही रस मानले आहेत. तो मल पुढे सारतो, अग्नी वाढवतो, वाताला वाट देतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्याचे सात प्रकार आहेत. ऋतूप्रमाणे अनुपानही बदलते: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. वैद्यपरंपरेने या फळाला आईची जागा दिली आहे. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षूंना ज्या औषधांची मुभा आहे त्यांत हरीतकी आहे आणि तिबेटी चित्रांत भैषज्यगुरू बुद्धाच्या हातात हेच झाड किंवा फळ दिसते.

आयुष्य टिकवण्याच्या या कामातूनच एक अवघड तात्त्विक प्रश्न उभा राहतो. चरकसंहिता प्राणैषणेला, जगण्याच्या इच्छेला, तीन एषणांत पहिले स्थान देते. आधी प्राण, मग धन, मग परलोक. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चारींचे मूळ आरोग्य, असेही ती सांगते. पण तिच्याच शारीरस्थानात तृष्णा हे दुःखाचे मूळ ठरते आणि तृष्णारहित चिकित्सेला नैष्ठिकी, म्हणजे अखेरची चिकित्सा, म्हटले आहे. जगण्याची ओढ धरायची की सोडायची? रसायन घेणारा माणूस आयुष्य मागतो. ते मागणेच बंधन असेल तर वैद्य त्याला बांधतो की सोडवतो?

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न कथांमधून सतत भेटतो. हरीतकी अमृताच्या सांडलेल्या थेंबातून उगवली, अशी वैद्यकग्रंथांतली आख्यायिका आहे. हिरड्याच्या याच डोंगरांत, रतनगडाच्या परिसरात, प्रवरा उगम पावते. तिला लोक अमृतवाहिनी म्हणतात. उगमाजवळ रतनवाडीला अमृतेश्वराचे मंदिर आहे आणि पुढे तिच्याच काठच्या नेवाशाला मोहिनीराज. विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन देवांना अमृत वाटले ते इथे, अशी श्रद्धा आहे. त्याच नेवाशाला शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिचा सतरावा अध्याय आहाराचे सात्त्विक, राजस, तामस भेद उलगडतो. आयुष्य आणि आरोग्य वाढवणारा आहार तिथे साधनेच्या बाजूचा आहे, साधनेविरुद्धचा नाही.

चांगदेवांची कथा याहून थेट आहे. त्यांनी हरिश्चंद्रगडावर तप केले, योगबळाने काळाला चौदाशे वर्षे परतवून लावले, असे परंपरा सांगते. एवढ्या आयुष्यानंतर ज्ञानेश्वरांना पत्र लिहायची वेळ आली तेव्हा मायना कसा घालावा हे सुचेना आणि कागद कोराच गेला. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच, असे ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताई हिने म्हटल्याचे सांगतात. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि पुढे चांगदेवांनी वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताईला गुरू केले. त्यांची समाधी याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या पुणतांब्याला आहे. या कथेत दीर्घायुष्याची निंदा नाही. चांगदेव जगले म्हणूनच मुक्ताईपर्यंत पोचले. पण केवळ जगण्याच्या जोरावर ज्ञान होत नाही, एवढे ती ठणकावून सांगते.

चरकाचे उत्तरही याच दिशेचे आहे, आणि ते रसायनाच्या अध्यायातच आहे. त्याच्या चौथ्या पादात आचाररसायन येते. जो खरे बोलतो, रागावत नाही, मद्यापासून दूर राहतो, हिंसा करत नाही, गोड बोलतो, वडीलधाऱ्यांचा मान राखतो, झोप आणि जागरण यांचा तोल सांभाळतो, दूध-तूप घेतो आणि करुणेने वागतो, तो नित्य रसायनातच असतो. अशा माणसाने औषध घेतले तर सांगितलेली फळे मिळतात. मनाचे आणि शरीराचे दोष न काढता घेतले तर मिळत नाहीत. याच पादात ऋषींची गोष्ट आहे: गावातले खाणेपिणे आणि राहणी अंगवळणी पडून ते जड व मंद झाले, तेव्हा इंद्राने त्यांना रसायन सांगितले. आचाररसायन पाळणाऱ्याची जगण्याची इच्छा उरते, पण ती दुसऱ्याच्या वाट्याला हात घालत नाही. तृष्णा आणि प्राणैषणा यांतला फरक इथे स्पष्ट होतो. चरकातला अंतर्विरोध यामुळे पुरता मिटत नसला, तरी जगण्यापुरते उत्तर मिळते.

आज हिरड्याचे चूर्ण आणि त्रिफळ्याच्या गोळ्या डबीत मिळतात. डबीवर गुण छापलेले असतात, आचार नसतो. सौम्य रेचक म्हणून हिरड्याचा उपयोग अनुभवाने पक्का आहे. त्रिफळ्याच्या गुळण्यांनी दातांवरचा थर कमी होतो, असे काही चाचण्यांत आढळले आहे. फळातल्या टॅनिनांवर, विशेषतः चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक आम्लांवर, प्रयोगशाळांत बरेच काम झाले आहे. आयुष्य वाढते, असे मात्र माणसांवरच्या अभ्यासाने सिद्ध झालेले नाही. श्रद्धेने घेणाऱ्यालाही ही मर्यादा माहीत असावी. ती सांगण्याने परंपरेचा मान कमी होत नाही.

मर्यादा जुन्या ग्रंथांनीही घातल्या आहेत. गरोदर बाई, फार कृश किंवा थकलेला माणूस, उपाशी असलेला, पित्ताने तापलेला यांना हरीतकी वर्ज्य आहे. हल्ली यात मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांची भर घालावी लागेल. त्यांनी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय हिरडा रोज घेऊ नये.