येवा आणि सलंग

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले मालगुजारी तलाव आणि गावोगावच्या बोड्या आजही धानाच्या बांध्यांना पाणी पुरवतात. लहानपणी रोवणी आटोपली की आजोबा मला तलावाच्या पाळीवर नेत. माझी नजर त्या पसरलेल्या पाण्यावर खिळायची. आजोबा मात्र आधी सलंगाकडे जात. तलाव भरला की जादा पाणी सलंगावरून वाहून जातं. मग ते तुडुम बघत. तुडुमाची भोकं एकाखाली एक अशी असतात आणि पाणी जसं खाली जाईल तसं एकेक भोक उघडत पाटाला पाणी सोडतात. “पानी किती आलं ते नोको पाहू बाबू, किती रायलं ते पाय,” असं ते म्हणत.

पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांविषयी वाचताना हे वाक्य मला वारंवार आठवतं. तिथे, हजारो किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने विद्युतभारित कणांचा एक तलाव अडवून धरलेला आहे. तो तलाव आहे हे कळायला विज्ञानाला शतक लागलं, आणि त्याला येवा, म्हणजे आत येणारा ओघ आहे, सलंगही आहे, हे उमजायला आणखी अर्धं शतक.

या गोष्टीचं पहिलं पान महाराष्ट्रातच लिहिलं गेलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४६पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अखंड नोंदी होत होत्या. टांगलेल्या चुंबकाची हालचाल माणूस डोळ्यांनी वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ अचानक लख्ख प्रकाश दिसला. त्यानंतर सतरा-अठरा तासांत जगभरचे चुंबक थरथरू लागले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासातासाची नोंद सोडून काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपायला सुरुवात केली. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे साधारण चार टक्क्यांनी घसरला होता. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांच्यासोबत भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी त्या जुन्या वह्यांवरून हे चुंबकीय वादळ पुन्हा उभं केलं. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातली त्या दिवसाची इतकी संपूर्ण नोंद तिथेच सापडली. ती लिहिणाऱ्याला आपण काय टिपतो आहोत याची कल्पना असणं शक्य नव्हतं, तरी त्याने हात थांबवला नाही.

पुढे ४ फेब्रुवारी १८७२ रोजी अशाच वादळात खुद्द मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. तरीही सूर्य आणि चुंबकीय वादळं यांचा संबंध सहज मान्य झाला नाही. १८९२मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी हा निव्वळ योगायोग ठरवला. सूर्याने चुंबकीय लाटा चारी दिशांना पसरवून हे घडवायचं तर अशक्य वाटावी इतकी ऊर्जा लागेल, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. चूक होती ती मधलं आकाश रिकामं धरण्यात. सूर्याकडून लाटा नव्हे तर कणांचे लोट येत असतील, ही शक्यता त्या हिशोबात नव्हती.

ती शक्यता नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्कलँड यांनी पुढे आणली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कार्ल स्टॉर्मर यांनी चुंबकीय क्षेत्रात असे कण कसे फिरतील याचं गणित मांडलं. त्या गणितात एक बंदिस्त कप्पा निघाला. कण एकदा तिथे असला तर बाहेर पडत नाही, नुसता इकडून तिकडे झुलत राहतो. कागदावर पाळ बांधून तयार होती, पण तिच्याआड खरोखर काही साठलं असेल असं तेव्हा फारसं कुणी धरलं नव्हतं.

त्याच काळात मुंबईत कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस वेगळ्याच अडचणीला तोंड देत होते. शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने चुंबकांची वाचनं बिघडली असती. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झालं. मूस यांनी साठ वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि वादळांचा सामाईक आकार शोधला. मालिका तुटू न देण्याची ही काळजी मला कुठल्याही शोधाइतकी मोलाची वाटते.

पाळीआडचा साठा दिसला तो १९५८मध्ये. ३१ जानेवारीला अमेरिकेचा एक्सप्लोरर-१ उडाला. त्यात जेम्स व्हॅन ॲलन यांच्या गटाची गायगर नळी होती. खाली ती नेमाने कण मोजत होती, पण उंचावर गेली की आकडा शून्यावर यायचा. मार्चमधल्या एक्सप्लोरर-३ने तेच दाखवलं. कार्ल मॅकइल्वेन यांनी प्रयोगशाळेत तशीच नळी तीव्र क्ष-किरणांपुढे धरली आणि उलगडा झाला. कणांचा मारा इतका जबर होता की नळीला मोजायला उसंतच मिळत नव्हती. जिथे काहीच नाही असं वाटत होतं, तिथेच तलाव काठोकाठ भरलेला होता. वर्ष संपता संपता पायोनियर-३ने दोन पट्टे दाखवले. आतला मुख्यतः प्रोटॉनांचा आणि स्थिर, बाहेरचा इलेक्ट्रॉनांचा आणि चंचल.

माणसाने या तलावात स्वतःही भर घातली. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पट्ट्यांत अडकले आणि दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा संदेशवहन उपग्रह काही महिन्यांत निकामी झाला. ते इलेक्ट्रॉन विरायला वर्षं लागली.

तरी पुढची बरीच वर्षं समज अशी होती की सूर्याचं वादळ जितकं मोठं तितका बाह्य पट्टा फुगणार. २००३मध्ये जेफ्री रीव्हज आणि सहकाऱ्यांनी २७६ वादळं तपासली. निम्म्याच्या आसपास वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले होते, जवळपास पाचव्या हिश्श्यात उलट घटले होते आणि उरलेल्यांत फारसा फरक पडला नव्हता. वादळाच्या आकाराशी याचा थेट संबंध नव्हता. हे वाचलं आणि मला पाळीवरचे आजोबा दिसले. तोच पाऊस एका तलावाला भरतो, दुसऱ्याची पाळ फोडतो. वादळ चुंबकीय क्षेत्राची सूर्याकडची हद्द आत रेटतं तेव्हा बाहेरच्या कडेचे कण सलंगावरून जावेत तसे अवकाशात निसटतात. काही कण लहरींच्या धक्क्याने खाली वातावरणात झिरपतात. पट्ट्याची पातळी ठरते ती या सगळ्या जमाखर्चातून.

आणि येवा? कण बाहेरून आत सरकताना ऊर्जा मिळवतात की पट्ट्याच्या पोटातच वेगवान होतात, हा वाद दशकानुदशकं चालला. नाल्याने पाणी येतं की तळाशी झरा आहे, असाच तो प्रश्न होता. ऑगस्ट २०१२मध्ये व्हॅन ॲलन प्रोब्स हे दोन जुळे उपग्रह थेट पट्ट्यांत उतरले. दोन ठिकाणी एकाच वेळी मोजल्यामुळे उत्तर हाती आलं. ऑक्टोबर २०१२च्या वादळात इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक वाढ पट्ट्याच्या मध्यात झालेली दिसली, कडेला नव्हे. तळात झरा होता. ‘कोरस’ नावाच्या लहरी तिथल्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देत होत्या. या लहरी ध्वनीत उतरवल्या तर पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या ऐकू येतात.

हे सगळं भंडाऱ्यापासून दूरचं वाटेल, पण तसं नाही. रोवणीच्या दिवसांत ज्या ढगांच्या चित्राकडे आपण डोळे लावून बसतो, ते पाठवणारे इन्सॅट उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, याच बाह्य पट्ट्याच्या प्रदेशात काम करतात. तिथले वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आत शिरून विद्युतरोधक भागांत साठतात आणि एखाद्या क्षणी ठिणगी पडते. जानेवारी १९९४मध्ये कॅनडाचे दोन ॲनिक उपग्रह अशानेच बिघडले. म्हणजे आपल्या आभाळाची बातमी देणाऱ्यालाही वरच्या हवामानाची झळ बसते.

मोजणारे आपल्याकडे आहेत. अलिबागची मालिका चालू आहे, शेजारी नागपुरातही भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा आहे. पुण्याच्या आयुकात घडलेली सूट ही दुर्बीण घेऊन गेलेलं आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४पासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळतं आणि तिथून वाहणारे कणही मोजतं. येव्यावर पहारा बसला. पण व्हॅन ॲलन प्रोब्स २०१९मध्ये थांबले. जपानचा आरासे पट्ट्यांत फिरतो, आपला खास या पट्ट्यांसाठीचा उपग्रह मात्र अजून नाही. ज्या देशाने कुलाब्याच्या वह्या दीडशे वर्षं जपल्या, त्याने तलावाच्या आतही आपली मोजपट्टी रोवायला हवी असं मला मनापासून वाटतं. नाल्याला पूर आला हे कळणं गरजेचंच आहे. पण उद्या बांधीला पाणी मिळेल की पाळ फुटेल, हे सांगायला कुणीतरी सलंगापाशीही उभं असावं लागतं.