वांधा

सायखेड्याच्या बाजारात व्यापारी ट्रॉलीतला वरचा कांदा बघून बोली करतो. खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खाली गोलटी निघाली, की तो वांधा काढतो आन् भाव तोडतो. वर निवडक माल लावणाऱ्याला काहीजण हुशार म्हणतात. मी म्हणत नाही. पुढच्या आठवड्याला त्याच बाजारात उभं राहायचं असतं.

२०१० सालचा द्राक्षांचा वांधा निराळा. वेलीची शेंडावाढ रोखायला वापरलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश युरोपात मण्यांत सापडला, माल नाकारला गेला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच. शेतकरी म्हणायचे, आम्ही काय लपवलं? खरं हाये, लपवलं नव्हतं. पण द्राक्ष खाणाऱ्या पोराला त्याचं काय? वेलीवर काय मारलं हे मारणाऱ्यालाच ठाऊक. ते सांगायची जबाबदारी यादीवर कशी ढकलायची?

निर्यातीच्या बागेला फवारणीची वही ठेवावी लागते. कैक वह्या तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरतात, एकाच पेनानं. शेजारचा पोरगा मात्र सांजच्याला पंप धुतला की ओट्यावर बसून लिहितो. हात ओलेच असतात, पानांवर डाग पडलेत.