आठवण घरची, कौतुक परक्या देशाचे



पूर्वी परदेशी जाणे म्हणजे आखातात किंवा बोटीवर, तेही वर्षा-दोन वर्षांसाठी. आता कंपनीच्या कामासाठी दोन-तीन आठवडे जपान, जर्मनीला जाऊन येणारे तरुण आपल्याकडे वाढले आहेत. "करमले का तिकडे?" असे विचारले, की उत्तर बहुधा ठरलेले असते: "घरची फार आठवण आली, पण देश मात्र छान!" आपण हसून विषय सोडून देतो. परंतु ही दोन्ही एकाच मनात कशी राहतात? परक्या देशावर मन जडणे ही घराशी प्रतारणा आहे का? की घरासाठी झुरणे हा यजमानांचा अनादर आहे?

घराची आठवण एके काळी आजार मानली जाई. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकाने बाझेल येथील आपल्या प्रबंधात तिला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेतील 'परतणे' आणि 'वेदना' या शब्दांची ती जोडणी आहे. आपण तिला आजार म्हणण्याचे कारण नाही. जिथे प्रेम असते तिथेच दुखते.

जपानमध्ये गेलेल्या माणसाचे पाहू या. तिथे रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे आठ वाजलेले असतात. घरी जपमाळेची प्रार्थना सुरू झाली असेल, हे आठवून तो हॉटेलच्या खोलीत पिशवीतली सुकेळी काढतो आणि त्याचा घसा दाटून येतो. दिवसभर मात्र तो कौतुकाने पाहत असतो. तिथे घरात शिरताना पादत्राणे दारातच काढतात. जेवणाआधी हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे 'हे मी नम्रपणे स्वीकारतो'. शाळेत मुले स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात. हे सारे त्याला का भावते? कारण उंबरठ्याचा मान आणि ताटापुढची कृतज्ञता तो आपल्या घरीच शिकला आहे. ज्याने आपले घर मनापासून जपले, त्यालाच दुसऱ्याचे घर ओळखता येते. म्हणून ही आठवण आणि हे कौतुक परस्परांचे वैरी नाहीत.

तरीही जपावे लागते. पाहुण्याला बैठकीची खोली दिसते, चूल दिसत नाही. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी त्याच जपानी भाषेत 'कारोशी' असा शब्द आहे, हे तीन आठवड्यांत कुणी सांगत नाही. त्यामुळे परतल्यावर "आपल्याकडे काही खरे नाही" असे म्हणणे अन्यायाचे. आणि तिथे असताना लोणच्याच्या बरणीपलीकडे काही चाखायचेच नाही, हेही अन्यायाचेच.

मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. आल्यावर त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. म्हणजे घर मनात होतेच. याच माणसाने इथली भाषा इतकी आपलीशी केली, की १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे येणे कामापुरते नव्हते, हे खरे. पण वडिलांची आठवण मराठीच्या प्रेमाआड आली नाही, हे आपल्या लक्षात घेण्याजोगे आहे.

आता प्रश्न आपल्या दाराशी आणू या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आपल्या गावात घरे बांधतात, वाड्यांत राबतात. रात्री फोन कानाला लावून तेही कुणाच्या तरी आठवणीने झुरतात. त्यांना आपल्या गावाचे कौतुक वाटावे असे आपण काय दाखवतो? त्यांना आपण नावाने हाक मारतो का? पाणी देताना पेला वेगळा काढतो का? सणाचे गोडधोड त्यांच्या खोलीपर्यंत पोहोचते का? जपानी माणसाने आपल्या मुलाला कमरेत वाकून नमस्कार केला, हे आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्या अंगणातला परका माणूस गावी परतल्यावर आपल्याविषयी काय सांगेल?

या आठवड्यात अशा एका तरी माणसाला त्याच्या गावाविषयी विचारू या आणि तो बोलेल ते शांतपणे ऐकू या.