तात्पुरत्या सांध्याचं ऋण

फुटलेली वस्तू कशीबशी सांधून वापरत राहणं हा संयम की टाळाटाळ, हा प्रश्न दिसायला घरगुती आहे. पण माणसाचं वस्तूंशी, काळाशी आणि स्वतःच्या शब्दाशी नातं कसं असावं, हा धर्मविचारातला जुना प्रश्न त्याच्या पोटात आहे. आज तो तपासून पाहायला डक्ट टेपसारखी दुसरी वस्तू नाही. वर पॉलिथिनचा पापुद्रा, मध्ये कापडी जाळी, खाली रबरी गोंद, असे तिचे तीन थर. ती हाताने फाटते; कात्री लागत नाही, कसब लागत नाही, सुकण्याची वाट पाहावी लागत नाही. घर बदलताना खोक्यांचे तळ तिने पक्के करतात. तडकलेली बादली, उसवलेली सुटकेस, व्हॅक्यूम क्लीनरची नळी, सुटलेली पुस्तकाची पाठ, सगळ्यांना तीच लावतात. वस्तू चांभाराकडे, कल्हईवाल्याकडे किंवा सुताराकडे न्यायची तर आधी काही ठरवावं लागे. हिच्यावर खर्च करावा का? ही अजून किती चालेल? टाकायची वेळ आली का? टेपने ही विचारणाच संपवली. वस्तू फुटते त्याच क्षणी ती पुन्हा चालू होते, आणि निर्णय पुढे जातो. माझं म्हणणं असं की तात्पुरती दुरुस्ती मुळात दोषास्पद नाही. ते ऋण आहे, उसना घेतलेला वेळ आहे. तो कशासाठी घेतला आणि कोणी फेडायचा, हे जिथे सांगता येतं तिथे ती दुरुस्ती धर्माला धरून आहे. जिथे सांगता येत नाही तिथे ती फसवणूक आहे, मग फसणारा दुसरा असो की आपण स्वतः.

या विचाराला फार जुना आधार आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या पाली विनयपिटकात भिक्षापात्राविषयी एक नियम आहे: आपल्या पात्राला पाच सांधे व्हायच्या आत भिक्षूने नवं पात्र मागून घेतलं तर तो दोष, आणि ते पात्र संघाच्या स्वाधीन करावं लागतं. सांधा कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे. दोन अंगुळं लांबीची चीर असेल तरच ती सांध्याची जागा. स्वाधीन केलेलं पात्र थोर भिक्षूंपासून क्रमाने सगळ्यांपुढे धरलं जातं, ज्याला हवं तो ते घेऊन आपलं खाली देतो, आणि शेवटी उरलेलं पात्र दोषी भिक्षूच्या हाती येतं, फुटेपर्यंत वापर म्हणून. या नियमामागची कथा मला नियमाहूनही महत्त्वाची वाटते. एका कुंभाराने भिक्षूंना पात्रं द्यायचं कबूल केलं, भिक्षूंना किती मागावं याचं भान राहिलं नाही, आणि विकायला काही घडवायला त्याला सवड न उरल्यामुळे त्याची बायकामुलं हाल सोसू लागली. म्हणजे डागडुजी करून वापरा, हा उपदेश इथे देहदंडाच्या ओढीतून आलेला नाही. आपण जे सांधत नाही त्याची किंमत दुसऱ्या घरात चुकवली जाते, हे ओळखून तो आला आहे. आणि त्याच नियमात दुसरी बाजूही आहे: पाच सांधे झाले की नवं पात्र मागायला हरकत नाही. सांधण्याचं कर्तव्य आहे, आणि त्याला शेवटही आहे.

शेवट माहीत असलेला सांधा म्हणजे काय, हे १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ वर जगाने पाहिलं. प्राणवायूची टाकी फुटली आणि तिघे अंतराळवीर दोघांसाठी बांधलेल्या चांद्रयानात आले. श्वासातून साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे मुख्य यानातले डबे चौकोनी होते, चांद्रयानातली जागा गोल. ह्यूस्टनमध्ये एड स्मायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यानात उपलब्ध असलेल्या वस्तूंचाच विचार केला: प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचे पुठ्ठे, अंतराळपोशाखाच्या नळ्या आणि राखाडी टेप. जोडणीची एकेक पायरी वर वाचून दाखवली गेली, अंतराळवीरांनी ती केली आणि हवा पुन्हा श्वास घेण्याजोगी झाली. या प्रसंगाचा गौरव हिकमतीसाठी होतो, आणि तो व्हावाच. मात्र माझ्या दृष्टीने त्याचं नैतिक सौंदर्य आणखी एका गोष्टीत आहे. ही जोडणी किती दिवस टिकायला हवी, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पृथ्वीच्या वातावरणात शिरण्याआधी ते चांद्रयान सोडूनच द्यायचं होतं. १७ एप्रिलला तिघे समुद्रात उतरले आणि ते ऋण पूर्ण फिटलं.

याच्या उलट बाजूचा पुरावाही टेपनेच दिला आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शर्मन आणि इयान वॉकर यांनी इमारतींतल्या गरम-गार हवेच्या पत्र्याच्या नळांचे, म्हणजे डक्टचे, सांधे बुजवणारी साधनं तपासली. नळांना उष्णतेत आणि दाबात ठेवलं, तेव्हा बाकीची साधनं कमी-अधिक तगली. कापडी जाळीची, रबरी गोंदाची टेप मात्र वारंवार सुटली. ज्या नळांचं नाव ती मिरवते त्यांच्यावरच ती टिकत नाही. कारण साधं आहे: असला गोंद सतत तापला की वाळतो, ठिसूळ होतो, पकड सोडतो. पण तो एका दिवसात सोडत नाही, आणि अडचण इथेच आहे. नळ छताच्या आड असतो, सांधा हळूहळू उघडतो, घरातली ऊब बाहेर झिरपत राहते, आणि ज्याने टेप लावली तो तोवर कामाचे पैसे घेऊन निघून गेलेला असतो. फेडीची मुदत न ठरवता घेतलेल्या उसन्या वेळाचं व्याज असं न दिसणाऱ्या जागी चढतं.

यावर पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा येईल, आणि तो वजनदार आहे. सर्वच अनित्य आहे. मग कायमची दुरुस्ती नावाची गोष्ट आहे कुठे? वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाच्या कृती दिल्या आहेत. कच्ची टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुलं, वेखंड असं बरंच काही उकळून, आटवून, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ मिसळायची. आणि देवळाला, मूर्तीला लावलेला हा लेप कोटी वर्षं टिकतो असा त्याचा दावा. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीला १९५५ मध्ये वज्रलेप झाला आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याला रासायनिक संवर्धन करावं लागलं. वज्राची ही गत, तर टेपलाच दोष का द्यायचा? आक्षेपातलं निरीक्षण खरं आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. सर्व संयोग सुटणारे आहेत म्हणून सगळे संयोग सारखे ठरत नाहीत. अनित्यता ज्यांनी सर्वांत कठोरपणे शिकवली त्यांनीच भिक्षापात्राचे सांधे मोजायला लावले. आगमांच्या परंपरेत जीर्णोद्धाराच्या वेळी देवत्व बालालयात, म्हणजे तात्पुरत्या देवळात, नेतात. तिथे पूजेत उणेपणा चालत नाही. तात्पुरतं म्हणून ते कमी पवित्र नसतं. पण बालालय उभारलं जातं ते मूळ देवालयाचं काम हाती घेतलेलं असतं म्हणून. काम सोडून देऊन बालालयच चालू ठेवलं तर तो जीर्णोद्धार राहत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्याच्याकडे नवी बादली घ्यायला पैसे नाहीत त्याला कसलं ऋण आणि कसली फेड सांगता? त्याच्यासाठी टेप लावलेली बादली हीच बादली आहे. हे मान्य करायलाच हवं, आणि मान्य केल्याने मूळ मुद्दा धारदारच होतो: ऋण कोणाचं, हे दुरुस्ती करणाऱ्या हातावरून ठरत नाही, ती वस्तू नीट ठेवण्याची ताकद आणि जबाबदारी कोणाची होती यावरून ठरतं. शाळेच्या फुटलेल्या पाइपाला शिपायाने टेप गुंडाळली तर ऋण शिपायाचं नाही. अशा वेळी त्याच्या कल्पकतेचं कौतुक करून मोकळं होणं हा अन्यायच आहे. डक्ट टेपच्या जन्मकथेत याचं उत्तर दडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात इलिनॉयमधल्या ग्रीन रिव्हर दारूगोळा कारखान्यात वेस्टा स्टाउट ही कामगार स्त्री काडतुसांची खोकी तपासून बंद करत असे. खोक्यांना कागदी टेप लावून मेणाचा थर देत, आणि उघडण्यासाठी टेपचं एक टोक बाहेर ठेवत. ते टोक ओढलं की तुटत असे, आणि गोळीबाराखालच्या सैनिकाला खोकं उघडत बसावं लागे. तिचे दोन मुलगे नौदलात होते. मजबूत कापडी, पाणी न शिरणारी टेप वापरा, असं तिने वरिष्ठांना सुचवलं. काही झालं नाही. मग फेब्रुवारी १९४३ मध्ये तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आकृतीसह पत्र लिहिलं. पत्र युद्ध उत्पादन मंडळाकडे गेलं, सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने टेप बनवली. आज जी वस्तू ‘चालवून घ्या’ची खूण झाली आहे, ती एका आईने चालवून घ्यायला नकार दिल्यामुळे निर्माण झाली. ज्याच्या जिवावर बेततं त्याने सोसावं, हे तिने मानलं नाही. ज्याच्या हाती बदल होता त्याच्याकडे तिने मागितलं.

तिसरा आक्षेप कचऱ्याचा. प्लास्टिक, कापड आणि गोंद एकमेकांत असे गुंतलेले की त्यांचा पुनर्वापर अवघड, आणि टेप काढली तरी चिकट डाग मागे राहतो. हे खरं आहे, आणि म्हणून जिथे सुई-दोरा, खिळा किंवा साधी सुतळी पुरते तिथे टेप न वापरणंच बरं. विजेच्या वायरीला तर ही टेप लावूच नये. त्यासाठी इन्सुलेशन टेप आहे, आणि तीही वायर बदलेपर्यंतच. खोक्यांचा प्रश्न सोपा आहे: घर बदलून झालं की टेप कापली जाते, तिचा शेवट आधीच ठरलेला असतो. टेपची पाकिटं, फुलं, पोशाख करणारे हौशी लोक यात येतच नाहीत. तिथे टेप कशाची उणीव झाकत नाही, ती स्वतःच वस्तू होते.

उरतो तो रोजच्या घराचा आणि रोजच्या संस्थांचा व्यवहार. पाचच सांधे का, चार किंवा सात का नाहीत, याला विनयात तर्कशुद्ध उत्तर शोधू नये. आकडा आधी ठरलेला आहे, हेच त्यातलं शहाणपण. टेपच्या पाठीवर पेनाने सहज लिहिता येतं. लावली त्या दिवसाची तारीख आणि बदलायचा महिना तिथे लिहावा. घरात तेवढं पुरे. शाळेत, दवाखान्यात, जिन्याच्या कठड्यावर किंवा पाण्याच्या नळावर टेप असेल तर तारखेखाली एक नावही हवं, ती गुंडाळणाऱ्याचं नव्हे, बदलून देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचं. आणि ती मुदत उलटली की त्या नावाने अर्ज करायला कोणालाही संकोच वाटू नये.