नंबर कुणाचा?

तुमच्या फोनमध्ये किती जणांचे नंबर आहेत, एकदा मोजून बघा. माझ्याकडे ६१२ निघाले. आता सांगा, त्यातले तुमचे किती? प्रश्न वेडगळ वाटेल, पण गेले दोन महिने तो माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. इथे जर्मनीत आमच्या मंडळातल्या एका मित्राने छोटी कंपनी काढली आहे. प्रयोगशाळांमधल्या रसायनांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर तो विकतो. असं काही विकत घेऊ शकणाऱ्या माणसांची नावं, हुद्दे, ईमेल आणि फोन नंबर पैसे घेऊन पुरवणारे प्लॅटफॉर्म असतात. "तू संशोधनवाली, तुला तुलनेची सवय. कुठला घेऊ ते सांग," असं म्हणून त्याने ते माझ्या गळ्यात घातलं.

मी तक्ता केला. झूमइन्फो मोठं, अमेरिकी कंपन्यांच्या माहितीत मुरलेलं. अपोलो त्यामानाने स्वस्त, ईमेल पाठवायची सोयही त्यातच. कॉग्निझम लंडनचं, त्याचा भर युरोपातल्या मोबाइल नंबरांवर. लिंक्डइनचं सेल्स नॅव्हिगेटर फोन नंबर हाती देत नाही, पण तिथली माहिती लोकांनी स्वतः भरलेली असते. "आमच्याकडे इतके कोटी संपर्क" या जाहिरातीला भुलू नये, हे पहिल्याच दिवशी कळलं. लोक नोकऱ्या बदलतात, गावं बदलतात, माहिती शिळी होते. त्यापेक्षा आपल्या ओळखीची पन्नास माणसं घ्यावीत, प्रत्येक ठिकाणी शोधावीत आणि किती बरोबर निघतात ते पाहावं. तुम्हाला कधी असली निवड करावी लागली, तर हीच चाचणी करा.

त्या पन्नासांत मी माझंही नाव घातलं होतं. वरच्या चारांपैकी नसलेल्या एका छोट्या प्लॅटफॉर्मवर मी सापडले. हुद्दा: खरेदीचे निर्णय घेणारी वरिष्ठ अधिकारी. पुढच्या मार्चमध्ये जिचा करार संपतो, तिला पिपेटचं एक खोकं मागवायलाही सही घ्यावी लागते, हे त्यांना कोण सांगणार! मी हसले. मग खाली पाहिलं. तिथे माझा खाजगी मोबाइल नंबर होता.

तो मी कुठल्याही कामाच्या कागदावर लिहिलेला नाही. युरोपातल्या जीडीपीआर कायद्याच्या पंधराव्या कलमाने आपली माहिती कुठून मिळवली हे विचारता येतं. मी विचारलं. उत्तर आलं: आमच्या एका सदस्याने आपली संपर्कयादी जोडली, तिच्यातून. कोण सदस्य, ते सांगितलं नाही.

माझा संताप संध्याकाळपर्यंत टिकला. मग आठवलं, की गेल्या वर्षी उद्योगात नोकरी शोधताना औषधकंपन्यांतल्या संशोधनप्रमुखांचे ईमेल हवे होते, म्हणून अशाच एका ठिकाणी मीही फुकट खातं उघडलं होतं. जास्तीची क्रेडिट हवी असतील तर मेल आणि संपर्कयादी जोडा, असं त्यांनी विचारलं होतं. मी "हो" दाबलं होतं.

त्या यादीत माझी एक मैत्रीण होती. नवऱ्याच्या जाचातून सुटून ती दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिने नवा नंबर घेतला आणि चौघींना दिला. "कुणालाही देऊ नकोस," एवढंच म्हणाली होती. तो नंबर पुढे कुठे गेला की नाही, हे मला आजही माहीत नाही. मी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

नैतिक प्रश्न तिच्या या एका वाक्यात आहे. आपण म्हणतो, "माझी संपर्कयादी." पण ती ठेवींची यादी आहे. प्रत्येक नंबर कुणीतरी एका कारणासाठी आपल्यापाशी ठेवलेला असतो. हेलन निसेनबॉम या तत्त्वज्ञ हेच वेगळ्या शब्दांत सांगतात: खाजगीपणा म्हणजे सगळं लपवणं नव्हे, तर माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाच्या रीतीनुसार ती पुढे जाणं. डॉक्टरला सांगितलेलं परिचारिकेला कळलं तर चालतं, विमा एजंटला कळलं तर नाही. माहिती तीच असते, वाट चुकलेली असते.

आता मित्राचीही बाजू ऐका, कारण ती हलकी नाही. तो म्हणाला, "इथल्या माणसाला शाळेतले मित्र असतात, काका असतात, क्लब असतो. मला काय आहे? मी कुणाचं दार वाजवू?" परदेशात नव्याने उभं राहणाऱ्याला ओळखी विकत घ्याव्या लागतात, आणि हे प्लॅटफॉर्म ती दरी थोडी बुजवतात. कायदाही सरसकट मनाई करत नाही. माहिती दुसरीकडून मिळवली असेल तर त्या माणसाला फार तर महिन्याभरात, किंवा पहिल्या संपर्काच्याच वेळी, तसं कळवा, असं चौदावं कलम सांगतं. फ्रान्सच्या नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये कॅस्पर या कंपनीला २,४०,००० युरो दंड केला, त्यातला एक आक्षेप असा होता की ज्यांनी लिंक्डइनवर आपला संपर्क मोजक्यांपुरता ठेवला होता, त्यांचाही तिने गोळा केला. म्हणजे दोष दार वाजवण्यात नाही; बंद दाराची किल्ली शेजाऱ्याकडून परस्पर घेण्यात आहे.

लहानपणी मिरजेत आमच्याकडे फोन नव्हता. बाबांच्या कार्डावर शेजारच्या कुलकर्णीकाकूंचा नंबर होता, पुढे कंसात पी. पी. कार्ड छापायच्या आधी आई त्यांच्याकडे जाऊन विचारून आली होती. नवीन कुणाला नंबर द्यायचा झाला, तरी आधी काकूंच्या कानावर घातलं जायचं. मला तेव्हा तो नुसता संकोच वाटायचा.

माझ्या तक्त्यात किंमत, अचूकता, देश असे रकाने होते. मी आणखी एक वाढवला: माहिती आली कुठून, आणि त्या माणसाला ते ठाऊक आहे का? तो रकाना भरताना दोन नावं गळली. मित्राने उरलेल्यांतून एक घेतलं. आता त्याच्या पहिल्या ईमेलच्या पहिल्याच ओळीत असतं, "आपला पत्ता मला अमुक ठिकाणाहून मिळाला; नको असल्यास कळवा, मी काढून टाकीन." काहीजण तसं कळवतात. तो काढतो.

मी माझं खातं बंद केलं, आणि दिलेली यादी पुसून टाका म्हणून लिहिलं. त्यांनी पुसल्याचं कळवलं आहे. ज्यांना ती आधीच विकली गेली असेल, त्यांच्याकडून ती कोण पुसणार? पुढच्या वेळी एखादं ॲप तुमची संपर्कयादी मागेल, तेव्हा "हो" दाबण्याआधी त्यातलं एक नाव आठवा, जे नाही म्हणालं असतं.