शेजाऱ्याच्या भिंतीचा हक्क

माणसावर दोन प्रकारचे हक्क आहेत: हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, म्हणजे अल्लाहचे हक्क आणि त्याच्या बंद्यांचे हक्क. पहिल्यांतील उणीव अल्लाह आपल्या कृपेने माफ करील, अशी आशा बाळगता येते. दुसऱ्यांतील उणीव मात्र ज्याचा हक्क बुडाला त्याला तो परत केल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असे उलमा सांगत आले आहेत. जमीन, कर्ज, वारसा यांच्या बाबतीत हे आपण जाणतो. शेजाऱ्याच्या भिंतीच्या बाबतीत ते मला ठाऊक असूनही आठवले नाही. तो प्रसंग येथे सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी धुळ्यातील एका वस्तीतल्या मशिदीत इमाम होतो. रबीउल अव्वलचा महिना जवळ आला होता. मोहल्ल्यातील मुले सीरतच्या जलशाचा मजकूर घेऊन माझ्याकडे आली. मी मराठीचा पदवीधर, म्हणून शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडेच येई. मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, प्रेषितांच्या नावापुढे दरूद लिहायला सांगितले. हे कोठे लिहिणार, एवढे मात्र विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर शेजारचे आप्पा मशिदीबाहेर उभे होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी आठवड्यापूर्वीच घराला रंग दिला होता. गल्लीकडच्या त्यांच्या भिंतीवर हिरव्या ऑइलपेंटमध्ये माझा शुद्ध मजकूर झळकत होता. आप्पा रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, “मौलाना, पुसायला म्हणून निघालो होतो, पण हात थांबला. त्यात तुमच्या पैगंबरांचं नाव आहे. मला पुसताना कोणी पाहिलं तर काय समजेल?”

त्या वाक्याने मला माझी चूक दाखवली. भिंतीवर दुकानाची जाहिरात असती तर आप्पांनी ती पुसून टाकली असती. आम्ही पवित्र नाव लिहिल्यामुळे त्यांचा पुसण्याचा हक्कही गेला. स्वतःच्या घराची भिंत स्वच्छ करायला तो माणूस घाबरला, आणि ती भीती आम्ही ज्यांच्या नावाने निर्माण केली, ते प्रेषित (स.) तर असे शिकवून गेले की ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याचा ईमान पूर्ण नाही. मजकूर चांगला होता म्हणून कृत्य चांगले ठरत नाही. परक्याच्या वस्तूवर परवानगीविना ताबा घेणे याला शरीअतमध्ये गसब म्हणतात. अशा बळकावलेल्या जागेवर केलेली नमाजसुद्धा फुकहांनी नापसंत ठरवली आहे. मग घोषणेची काय कथा? शिवाय हनफी फुकहांनी भिंतींवर आयती आणि अल्लाहची नावे लिहिणेही मकरूह मानले आहे, कारण रंगाचे पोपडे पडतात आणि ती अक्षरे पायदळी येतात.

आणखी एक गोष्ट मला त्या भिंतीवर दिसली. प्रेषितांच्या नावाखाली आयोजकांची नावे होती, आणि तीही ठळक. नावाची ही हाव जुनी आहे. जळगावहून आपली कुटुंबे अजिंठ्याला सहलीला जातात. तेथील दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 च्या एप्रिलमध्ये प्राचीन चित्रावर आपले नाव कोरून ठेवले. दोनशे वर्षे झाली. ते नाव आहे, त्याखालचे चित्र मात्र परत येणार नाही. सहलीला जाताना मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता प्रश्न असा की डाग दिसला तर करायचे काय? हजरत अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये याचे उत्तर आहे. मशिदीच्या किब्ल्याच्या भिंतीवर थुंकी दिसली तेव्हा प्रेषितांच्या चेहऱ्यावर खेद उमटला. ते उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती खरवडून काढली. कोणी केले याची चौकशी आधी झाली नाही; भिंत आधी स्वच्छ झाली, समज नंतर दिली गेली.

पण प्रत्येक वेळी पुसणे पुरेसे नसते. काही जण म्हणतात, मुले आपलीच आहेत, झाकून टाका. भावाचा दोष झाकणाऱ्याचा दोष अल्लाह झाकतो. हदीस खरी आहे. तिच्या विवरणात इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे की हे झाकणे घडून गेलेल्या चुकीला आहे, जो उपद्रव चालूच आहे, तो रोखणे कर्तव्य आहे. शिवाय भिंत दुसऱ्याची असेल तर झाकायचे की नाही हे ठरवणारे आपण कोण? सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या आणि नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी देण्याचा आदेश आहे.

धुळ्याच्या माणसाला हे अधिक समजावे. ऑक्टोबर 2008 मध्ये येथे उसळलेल्या दंगलीची सुरुवात एका पोस्टरच्या वादातून झाली होती. म्हणून कोणाच्याही प्रार्थनास्थळावर, कोणाच्याही घरावर चिथावणीचा मजकूर दिसला, तर त्यावर कापड टाकावे, पोलीस ठाण्याला कळवावे, पंचनामा होऊ द्यावा आणि मग शेजाऱ्यांनी मिळून तो पुसावा. त्याचे छायाचित्र पोलिसांना द्यावे, मोबाईलवर इतरांना पाठवू नये. ते पाठवणे म्हणजे तीच घोषणा हजार भिंतींवर लिहिणे होय. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध 1995 चा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. हा कायदा दुसऱ्याच्या मुलाला लागतो तसाच आपल्या मुलालाही लागतो.

आप्पांना मी म्हणालो, “तक्रार करायची असेल तर साक्षीला मी येतो. मजकूर माझाच आहे.” त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “रंग देऊन टाका, एवढंच.” असरनंतर मुले आली. भिंतीखाली चादर अंथरली, म्हणजे पोपडे गटारीत पडणार नाहीत. तारेच्या ब्रशने अक्षरे खरवडली, पोपडे गोळा करून स्वच्छ जागी पुरले आणि भिंतीला दोन हात रंग दिला. रंगाचे पैसे जलशाच्या वर्गणीतून नव्हे, आम्ही आपापल्या खिशातून दिले, कारण वर्गणी लोकांची होती आणि चूक आमची. आप्पांनी माफ केले, असे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच मी घरी गेलो.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदाच्या जलशाचा मजकूर ठरवण्यापूर्वी भिंत कोणाची हे विचारा. परवानगी मिळाली तर कापडी फलक बांधा आणि कार्यक्रम झाल्यावर तो स्वतः उतरवा. परवानगी मिळाली नाही तर शेजाऱ्याचे आभार मानून परत या. अल्लाह आपल्याला बंद्यांचे हक्क याच जगात फेडण्याची तौफिक देवो. आमीन.